सासवण्याचे शिल्पालय आणि जतनाचे अर्थशास्त्र

भांडवली खर्च आणि महसुली खर्च यांतील भेद अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अगदी आरंभीच शिकविला जातो. धरण बांधणे हा भांडवली खर्च. त्याच्या कालव्यांतील गाळ वर्षानुवर्षे उपसत राहणे हा महसुली. पहिल्या खर्चाच्या वाट्याला कोनशिला, समारंभ आणि पाहुण्यांची भाषणे येतात. दुसऱ्याच्या वाट्याला कारकुनाच्या वहीतील एक ओळ तेवढी येते. साहजिकच शासन मग ते कोणत्याही पक्षाचे असो, त्याचा ओढा पहिल्याकडे असतो. शाळा बांधून होते आणि तिचे छप्पर गळत राहते. रुग्णालयाचे उद्घाटन होते आणि तेथील यंत्र दुरुस्तीअभावी झाकून ठेवावे लागते. हा अनुभव वाचकांना नवा नाही. परंतु कलेच्या क्षेत्रालाही हाच नियम तितक्याच कठोरपणे लागू पडतो, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. आपल्याकडे पुतळा उभारण्यास पैसा मिळतो. शिल्प जपण्यास मिळत नाही. या विधानाचा प्रत्यय ज्याला घ्यावयाचा असेल, त्याने रायगड जिल्ह्यातील सासवणे या गावी एकदा जाऊन यावे.

अंगणातील शिल्पे

सासवणे हे अलिबाग तालुक्यात, मांडवा आणि किहीम यांच्या दरम्यान किनाऱ्यालगत वसलेले गाव. गेटवेवरून लाँचने मांडव्याच्या धक्क्याला उतरावे आणि तेथून थोडा प्रवास करावा. मार्च २०२० पासून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मोटारींसह माणसे नेणारी मोठी बोटही सुरू झाली असल्याने हा प्रवास आता अधिकच सुलभ झाला आहे. मुंबईचे हजारो लोक सुटीच्या दिवशी या वाटेने जातात. त्यांतील बहुतेकांची पावले समुद्राकडे वळतात. सासवण्यातील एका घराच्या आवारात भारतातील एका अग्रगण्य शिल्पकाराचे आयुष्यभराचे काम मांडून ठेवलेले आहे, हे त्यांतील फारच थोड्यांना ठाऊक असते. विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) यांचे हे शिल्पालय.

‘शिल्पालय’ या शब्दाने संगमरवरी जिन्यांची आणि काचेच्या कपाटांची अपेक्षा धरून जाणाऱ्याची येथे निराशा होईल. हे कोकणातील एका घरासारखे घर आहे. शिल्पे घरात आहेत, तशीच ती अंगणात, झाडांच्या सावलीतही आहेत. पाने गळून त्यांच्या खांद्यावर पडतात, ऊन कलले की चेहऱ्यांवरच्या सावल्या बदलतात. बंद दालनातील एकसारख्या दिव्यांखाली जे दिसत नाही, ते येथे दिसते. शिल्पाभोवती फिरता येते, आणि माणसाभोवती फिरल्याप्रमाणे फिरता येते.

आणि ही माणसे तरी कोण? त्यांत राष्ट्रपुरुषांच्या प्रतिमा आहेत. परंतु लक्ष खिळते ते कोळी, शेतकरी, हमाल, कष्टकरी बायका, मुले आणि घरातील माणसे यांच्यावर. ‘मत्स्यगंधा’ हे नाव महाभारतातील असले, तरी ती मुलगी याच किनाऱ्यावरची आहे, हे सांगावे लागत नाही. गेल्या हिवाळ्यात आमच्या महाविद्यालयाच्या काही विद्यार्थ्यांसमवेत प्रस्तुत लेखक तेथे गेला होता. समुद्रावर जाण्याच्या घाईत असलेला हा घोळका प्रथम कुरकुरतच आत शिरला. त्यांतील एकाचे वडील बाजार समितीत माथाडी कामगार आहेत. इतर मुले पुढे गेली तरी तो हमालाच्या शिल्पापाशी बराच वेळ थांबला होता. नंतर त्याने एवढेच विचारले, “सर, हमालाचा पुतळासुद्धा करतात?” महाराष्ट्रात माथाडी आणि हमाल कामगारांसाठी कायदा झाला तो १९६९ साली. करमरकर त्यापूर्वी दोन वर्षे निवर्तले होते. कायद्याने हमालाला नोंदणी, भविष्य निर्वाह निधी आणि भरपाई यांचा अधिकार दिला. त्याच्या पाठीच्या वाकण्यात आकृतीचे सौंदर्य आहे, हे एका शिल्पकाराने आधीच ओळखले होते. त्या मुलाच्या प्रश्नातच या लेखाचा विषय दडलेला आहे. पुतळा हा थोरांचाच असतो, तो चौकातच असतो आणि त्याचे अनावरण मंत्र्यांच्या हस्तेच होते, अशी आपल्या नव्या पिढीची समजूत झाली असेल, तर तो दोष त्या पिढीचा नव्हे.

एका शिल्पकाराची दोन कामे

करमरकरांचे चरित्रही या दृष्टीने उद्बोधक आहे. गावातील मंदिराच्या भिंतीवर या मुलाने काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र त्या वेळचे कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफिल्ड यांच्या दृष्टीस पडले. त्यांनी पुढाकार घेऊन त्याला मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयात पाठविण्याची व्यवस्था केली. तेथील शिक्षण संपल्यावर सुरेंद्रनाथ ठाकूर यांच्या निमंत्रणावरून ते कलकत्त्यास गेले. पुढे इंग्लंडमध्ये जाऊन रॉयल अकादमीत त्यांनी अधिक शिक्षण घेतले. एका सरकारी अधिकाऱ्याने खेड्यातील एका भिंतीकडे थांबून पाहिले, एवढ्या अल्प गुंतवणुकीवर समाजाला किती परतावा मिळाला याचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात बसणारा नाही. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, कीर्ती मिळविल्यानंतर या कलावंताने आपल्या कामाचा मोठा ठेवा महानगरात न ठेवता आपल्या जन्मगावी ठेवला.

करमरकरांचे नाव महाराष्ट्रात झाले ते मात्र पुण्यातील शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यामुळे. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांच्या प्रेरणेने योजलेल्या या स्मारकाची कोनशिला १९२१ साली बसविण्यात आली आणि पुतळ्याचे अनावरण १९२८ च्या जून महिन्यात झाले. सुमारे साडेतेरा फूट उंचीचा हा पुतळा ब्राँझच्या एकसंध ओतकामातून घडलेला आहे. त्या काळी भारतात अशा ओतकामाचा अनुभव कितीसा होता? माझगाव गोदीतील कामगारांच्या साहाय्याने हे काम पार पडले. आज जवळजवळ शंभर वर्षे लोटली, तरी तो पुतळा ऊन-पावसात खंबीरपणे उभा आहे.

याउलट मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला महाराजांचाच पस्तीस फुटी पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. पुरते नऊ महिनेही तो टिकला नाही. पुढे २०२५ मध्ये त्याच ठिकाणी अधिक उंचीचा नवा पुतळा उभारण्यात आला. या दुर्घटनेवर त्या वेळी भरपूर राजकारण झाले. त्याची उजळणी येथे करण्याचे कारण नाही. मात्र त्या चर्चेत उंची, खर्च, कंत्राटदार आणि राजीनामे यांविषयी जितके बोलले गेले, त्याच्या एक दशांशही शिल्पकला हे एक शास्त्र आहे, त्याला वर्षांची साधना लागते आणि घडविलेल्या वस्तूची देखभाल करावी लागते, याविषयी बोलले गेले नाही. पुतळ्याची महती त्याच्या फुटांवरून मोजण्याची सवय आपल्याला जडली आहे. पुण्याचा पुतळा साडेतेरा फुटांचा आहे, हे अशा वेळी मुद्दाम आठवावे.

एकाच हाताने घडविलेल्या कामांची ही दोन नशिबे आहेत. चौकातील वा संस्थेच्या पटांगणातील महापुरुषाच्या पुतळ्याला धनी असतो. जयंतीला त्यावर हार पडतो, रंगसफेदी होते, क्वचित अतिरेकही होतो. अंगणातल्या कोळणीला आणि हमालाला जयंती नाही. त्यांच्या नावाने मते मागता येत नाहीत. शिल्पकाराच्या पश्चात त्यांची निगा राखण्याची मुख्य जबाबदारी त्याच्या घरावर येऊन पडली, आणि ती त्या घराने दशकानुदशके निभावली, हे त्या कुटुंबाचे महाराष्ट्रावर मोठे ऋण आहे.

बाजारपेठ येथे का अपुरी पडते?

यावर एक सोपे उत्तर दिले जाते : तिकीट वाढवा, उपाहारगृह काढा, शिल्पालय स्वतःच्या पायावर उभे राहील. वरकरणी हे उत्तर व्यवहारी वाटते. अर्थशास्त्राच्या कसोटीवर मात्र ते टिकत नाही. एक दर्शक वाढला म्हणून शिल्प झिजत नाही. म्हणजेच वाढीव दर्शकामागील सीमान्त खर्च जवळजवळ शून्य असतो. अशा वस्तूचे मूल्य चढे ठेवले, तर ज्यांना ती दाखविणे समाजाला सर्वांत लाभदायक आहे, ती जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुले आणि मुंबईहून सहकुटुंब आलेला तुटपुंज्या पगाराचा नोकरदार हीच माणसे दारातून परत जातील. तिकीट नाममात्र ठेवावे, तर त्यातून माळ्याचा पगारही सुटणार नाही. शिवाय शिल्पालयामुळे जो लाभ होतो, तो तिकिटाच्या खिडकीत जमा होतच नाही. तो रिक्षावाल्याला, खानावळवाल्याला, गावाच्या नावाला आणि त्या माथाडी कामगाराच्या मुलाला होतो. ज्याचा लाभ सर्वांना आणि खर्च मात्र एकाला, अशी वस्तू बाजारपेठेच्या भरवशावर सोडली तर ती हळूहळू नाहीशी होते.

याहून अवघड मुद्दा संधी-खर्चाचा आहे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत अलिबाग परिसरातील जमिनीचे भाव कोठल्या कोठे गेले, हे त्या रस्त्यावरील उंच कुंपणे आणि बंगल्यांच्या पाट्या पाहून कोणालाही कळते. अशा ठिकाणी घर आणि बाग शिल्पांसाठी राखून ठेवणारे कुटुंब देखभालीच्या खर्चाखेरीज दरवर्षी आणखी एक मोठी रक्कम सोडून देत असते. ती रक्कम कोणत्याही हिशेबात दिसत नाही. एका पिढीने निष्ठेपोटी हा त्याग केला, दुसरीनेही केला; तिसऱ्या-चौथ्या पिढीनेही तो करावा, असे गृहीत धरण्याचा अधिकार समाजाला कोणी दिला?

आणि देखभाल म्हणजे केवळ केरवारा नव्हे. कोकणात वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो; वारा खारा असतो. सिमेंटच्या शिल्पाच्या पोटात लोखंडी सळ्यांचा सांगाडा असतो. बारीक भेगेतून पाणी आत शिरले की सळई गंजते, गंजलेले लोखंड फुगते आणि वरचे सिमेंट आतून फोडते. प्लॅस्टर तर ओल मुळीच सहन करीत नाही. ब्राँझवरही खाऱ्या हवेचा परिणाम होतोच. यांतील प्रत्येक दुखण्यावर उपाय आहे. परंतु तो वेळीच केला तर स्वस्त आणि उशिरा केला तर अशक्य, अशी ही दुखणी आहेत. गवंड्याने सिमेंटचे लिंपण करून आणि वरून ऑइलपेंट फासून शिल्प ‘नवे’ करण्याची आपली गावठी पद्धत तर रोगापेक्षा भयंकर आहे.

इतरांनी काय केले?

या प्रश्नाला जगात कोणी भिडलेच नाही, असे मात्र नाही. पुण्यातील स्मारकाची कोनशिला बसली, त्याच १९२१ साली नॉर्वेच्या राजधानीच्या नगरपालिकेने गुस्ताव विगेलंड या शिल्पकाराशी एक करार केला. नगरपालिकेने त्याला कार्यशाळा आणि राहण्याची जागा बांधून द्यावयाची आणि त्याने आपली सारी कामे शहराच्या हवाली करावयाची, असा तो करार. १९४३ साली तो शिल्पकार मरण पावला. त्याची दोनशेहून अधिक शिल्पे असलेले उद्यान आज ऑस्लोत सर्वांना विनामूल्य खुले आहे आणि त्याची कार्यशाळा १९४७ पासून संग्रहालय झाली आहे. कलावंताच्या हयातीतच जबाबदारी कोणाची हे कागदावर ठरले, हे या यशाचे मर्म होय.

आपल्या महाराष्ट्रातही सातारा जिल्ह्यातील औंध या छोट्या गावी भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली संग्रहालय उभारले. रविवर्म्याची चित्रे आणि हेन्री मूर यांचे ‘माता आणि मूल’ हे शिल्प आज तेथे एका माळरानाच्या टेकडीवर पाहावयास मिळते. संस्थान विलीन झाले, पण संग्रह गावातच राहिला आणि त्याची जबाबदारी राज्य शासनाने स्वीकारली. उत्तम कला पाहण्यासाठी मुंबईलाच गेले पाहिजे असे नाही, हे औंधने सिद्ध केले आहे.

विपरीत उदाहरणही आपल्याच देशात आहे. चंडीगढमध्ये रस्तेविभागात निरीक्षक असलेल्या नेकचंद सैनी यांनी फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि टाकाऊ दगड यांतून सरकारी जागेवर गुपचूप शिल्पनगरी उभारली. ती उघडकीस आल्यावर पाडून न टाकता प्रशासनाने १९७६ साली तिचे उद्घाटन केले आणि नेकचंदांना पगार व मदतीला पन्नास मजूर दिले. हा शहाणपणा अपवादात्मक म्हटला पाहिजे. परंतु १९९६ साली ते परदेशी व्याख्यानांसाठी गेले असता प्रशासनाने निधी आखडता घेतला आणि शिल्पांची मोडतोड झाली. वर्षानुवर्षांचे काम बिघडावयास एक गैरहजेरी पुरली. निगा ही अशी वस्तू आहे की तिच्यात सुटी घेता येत नाही.

केन्सचे नाव आमचे विद्यार्थी रोजगाराच्या सिद्धान्तामुळे जाणतात. त्याच केन्सने युद्धकाळात, १९४२ पासून, ब्रिटनमधील कलांना शासकीय साहाय्य देणाऱ्या परिषदेचे अध्यक्षपद सांभाळले होते आणि युद्धोत्तर ‘आर्ट्स कौन्सिल’च्या उभारणीचा तोच प्रणेता होता. शासनाने पैसा द्यावा, पण कलेवर हुकमत गाजवू नये. आणि कलाजीवन लंडनपुरते न राहता गावोगावी आपापल्या परीने बहरावे, असा त्याचा आग्रह होता. बॉम्बवर्षावातून सावरणाऱ्या देशाला हे परवडते, तर देशात सर्वाधिक औद्योगिक म्हणविणाऱ्या राज्याला ते परवडू नये काय?

एक आक्षेप आणि काही सूचना

ज्या राज्यात शेतकरी आत्महत्या करतो आणि शाळांना धड स्वच्छतागृहे नाहीत, तेथे शिल्पांच्या निगेवर सार्वजनिक पैसा खर्च करावा काय, असा आक्षेप येथे घेतला जाईल. हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. शिल्पे की स्वच्छतागृहे, अशी निवड आपल्यासमोर असती, तर प्रस्तुत लेखकाने स्वच्छतागृहांच्या बाजूने मत दिले असते. परंतु प्रत्यक्षातील निवड तशी नाही. सार्वजनिक पैसा शिल्पांवर खर्च होतच आहे, आणि तो मोठ्या प्रमाणावर होतो आहे. फक्त तो सारा नव्या पुतळ्यांवर होतो. प्रश्न एवढाच की, त्यातील लहानसा वाटा असलेले जपण्याकडे वळवावयाचा की नाही.

या दृष्टीने तीन गोष्टी करण्याजोग्या आहेत. पहिली, सार्वजनिक पैशातून उभारल्या जाणाऱ्या प्रत्येक पुतळ्याच्या मंजूर खर्चात त्याच्या पुढील देखभालीचा निधी अगोदरच बाजूला ठेवण्याचा नियम असावा. आणि त्यातील काही अंश त्या जिल्ह्यातील जुन्या शिल्पांच्या जतनासाठी राखून ठेवावा. ज्याला निगेचा खर्च झेपत नाही, त्याने पुतळा उभारू नये. दुसरी, सासवण्यासारख्या खासगी संग्रहांना मालकी वा व्यवस्थापन हिरावून न घेता करारपूर्वक वार्षिक अनुदान द्यावे आणि त्याच्या बदल्यात शिल्पालय विद्यार्थ्यांसाठी ठराविक दिवस खुले असावे, ही अट असावी. संग्रह शासनाने ताब्यात घ्यावा आणि त्यावर धूळ साठू द्यावी, हा यावरील उपाय नव्हे. घरच्या माणसांची आस्था ही अशी वस्तू आहे की ती निविदा काढून मिळत नाही. तिसरी, जतनाचे तांत्रिक काम जाणकारांकडूनच व्हावे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असे कुशल केंद्र आहे, आणि जे. जे.च्या शिल्पविभागातील विद्यार्थ्यांना आपल्या पूर्वसूरीच्या कामावर हात बसविण्याची याहून चांगली संधी कोणती?

यासाठी नवे कायदे करावे लागतील, असेही नाही. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींच्या विषयांत सांस्कृतिक कार्याचा आणि बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या विषयांत सौंदर्यविषयक बाबींच्या संवर्धनाचा स्पष्ट उल्लेख आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांनी सामाजिक जबाबदारीपोटी जो दोन टक्के नफा खर्च करावयाचा, त्याच्या मान्य बाबींत कलाकृतींचे जतन समाविष्ट आहे. रायगड जिल्ह्यात कारखान्यांची वाण नाही. उणीव कायद्यात असेलच, तर ती वेगळ्या ठिकाणी आहे. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याखाली ज्यांच्या कृती राष्ट्रीय ठेवा म्हणून घोषित झाल्या आहेत, त्या नऊ कलावंतांत रविवर्मा, अमृता शेरगिल, नंदलाल बोस, जामिनी रॉय आदी आहेत. परंतु ते नऊही चित्रकार म्हणूनच तेथे आहेत. त्यांत एकाही शिल्पकाराचे नाव नाही. पुतळ्यांचे एवढे वेड असलेल्या देशाने शिल्पकाराला ठेवा मानू नये, यातील विसंगती शासनाच्या कधी ध्यानात आलेली दिसत नाही.

शासनाने करावयाच्या गोष्टी शासन करील तेव्हा करील. दरम्यान शिक्षकांच्या हाती एक गोष्ट आहे. दरवर्षी शाळा-महाविद्यालयांच्या शेकडो सहली अलिबागच्या किनाऱ्यावर येतात. त्या प्रत्येक सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत सासवण्यासाठी दोन तास राखून ठेवण्यास कोणाच्याही मंजुरीची गरज नाही. मुलांनी तेथे जावे, शिल्पांभोवती फिरावे, वहीत एखादे रेखाटन करावे आणि निघताना दारातील पेटीत यथाशक्ति काही टाकावे. एवढ्याने शिल्पालयाचा खर्च भागणार नाही, हे वर दाखविलेच आहे. परंतु जी वस्तू पाहावयास माणसे येतात, तिच्याकडे दुर्लक्ष करणे राज्यकर्त्यांना कठीण जाते. महसुली खर्चाच्या वहीतील ती एक ओळ लिहिली जावी, असे वाटत असेल, तर तिच्यामागे प्रथम पावलांची नोंद व्हावी लागते.